रोमच्या व्हिया कोन्दोत्तीवर दागिना घेणं भारतापेक्षा स्वस्त पडतं का?

प्रश्न: लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त आम्ही दोघं रोमला जातोय. व्हिया कोन्दोत्ती हा रस्ता नुसता बघण्यासारखा आहे की तिथे खरंच काही घ्यावं? बायकोसाठी एखादा दागिना किंवा पर्स घ्यायचा विचार आहे. भारतापेक्षा स्वस्त पडतं का?

उत्तर:

पर्सचं मला विचारू नका, त्यातलं मला काही कळत नाही. इटालियन कंपन्यांच्या पर्स इटलीत आपल्यापेक्षा कमी किमतीत मिळतात, एवढं सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे. दागिन्याचं विचारलंत म्हणून लिहायला बसलो. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आमची आजोबांपासूनची पेढी आहे. या रस्त्यावरून आमच्या घरात एक जुना वाद आहे, तो पुढे येईलच.

आधी टॅक्सचा हिशोब. इटलीत व्हॅट २२ टक्के. म्हणून बाहेरच्या पर्यटकाला निघताना २२ टक्के परत मिळतील असं धरून लोक जातात. तसं होत नाही. छापील किमतीत व्हॅट आधीच धरलेला असतो, म्हणजे १२२ मधले २२, म्हणजे किमतीचे १८ टक्के. त्यातून रिफंड करणारी एजन्सी आपलं कमिशन कापते आणि हातात त्याहून बरंच कमी येतं. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म करून घ्यायचा, एका दुकानात ७० युरोंच्या वर खरेदी हवी आणि निघताना विमानतळावर कस्टम्सकडून पक्कं करून घ्यायचं. वस्तू कस्टम्सनी मागितली तर दाखवावी लागते, त्यामुळे ती चेक-इन बॅगेत घालून मोकळे होऊ नका.

आता रस्ता. पियाझ्झा दी स्पान्याच्या पायऱ्यांसमोरून निघतो आणि व्हिया देल कोर्सोला लागतो. सरळ, अरुंद, दोन्ही बाजूंना काचा. न थांबता चाललात तर दहा मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. आज तिथे हिरे दिसत असले तरी रस्त्याचं नाव पाण्याच्या नळांवरून पडलंय. रोमन सेनापती अग्रिप्पाने इ.स.पू. १९ मध्ये आणलेल्या ॲक्वा व्हिर्गो या कालव्याचं पाणी इथून खालच्या वस्तीला नेलं होतं. पायऱ्यांपुढचं होडीच्या आकाराचं कारंजं जमिनीलगत बसवलंय, कारण तिथे त्या पाण्याला जोर नाही. ६८ नंबरला माल्टाच्या सरदारांच्या संघाचा वाडा आहे. या संघाकडे स्वतःचा देश नाही, पण पासपोर्ट आणि टपाल तिकिटं काढतो आणि त्या वाड्यात इटलीचा कायदा चालत नाही. खरेदी करायची नसेल तर बायकोला हे दाखवा, फुकट आहे. पायऱ्यांवर मात्र बसू नका. २०१९ पासून बंदी आहे, दंड २५० युरोंपर्यंत जातो. आणि आसपास चादर अंथरून पर्स विकणारे दिसले तर लांब राहा. इटलीत नकली माल घेणाऱ्यालाही दंड आहे, ७ हजार युरोंपर्यंत.

१७६०चं काफे ग्रेको याच रस्त्यावरचं. गटे, कीट्स, गोगोल असे लेखक तिथे बसायचे. तिथला भाडेकरार २०१७ साली संपला आणि जागेचं मालक असलेलं रुग्णालय आणि काफे चालवणारे यांची वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली. जायच्या आधी उघडं आहे का तेवढं बघून घ्या.

आता वादाचं.

आमचे साडू जर्मनीत असतात, आयटीत. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही जोडपी मिळून रोमला गेलो होतो. साडूंनी मेव्हणीसाठी ब्रेसलेट घ्यायचं ठरवलं होतं, तेही याच रस्त्यावर. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दारात काळ्या सुटातला माणूस, आत मोजक्याच लोकांना सोडतो. बसायला मखमलीच्या खुर्च्या, ट्रेमध्ये पाणी. हातात काळे मोजे घातलेल्या मुलीने मखमलीवर ब्रेसलेट ठेवलं आणि कलेक्शनबद्दल बोलायला लागली. कुठल्या नाण्यावरून डिझाइन सुचलं वगैरे वगैरे. साडू भक्तिभावाने ऐकत होते. मी डाग (आम्ही सोनार दागिन्याला डाग म्हणतो) उचलला, तळहातावर तोलला आणि विचारलं, "वजन किती?"

तिला वाटलं मनगटाचं माप विचारतोय. तिने टेप आणली. मी म्हटलं, नाही, ग्रॅम. ती गोंधळली आणि म्हणाली, सिस्टीममध्ये बघून सांगते. इकडे साडूंनी टेबलाखाली माझ्या बुटावर बूट ठेवला आणि मराठीत पुटपुटले, "अहो, ही गुजरी नाहीये."

अहो, सोनं आहे ना? मग गुजरीत काय आणि रोममध्ये काय.

साडू ही गोष्ट प्रत्येक लग्नकार्यात सांगतात. "आमच्या साडूंनी रोममध्ये वजनकाटा मागितला." लोक हसतात. इथपर्यंतच सांगतात, पुढचं कधीच सांगत नाहीत. पुढचं असं की आतून एक वयस्कर गृहस्थ आले, खिशातून भिंगाची दोरी लोंबत होती. त्यांनी विचारलं, तुम्ही याच धंद्यातले का? मी हो म्हटल्यावर काटा मागवला. अठ्ठावीस ग्रॅम आणि वर थोडं. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि शिक्का दाखवला. ७५० म्हणजे १८ कॅरट, शेजारी तारा, कारखान्याचा नंबर आणि जिल्ह्याची अक्षरं. इटलीत प्रत्येक कारखान्याला असा स्वतःचा नंबर असतो, त्यावरून माल कोणी केला ते शोधता येतं. मी डाग उलटा केला, कारण आमचे वडील म्हणायचे तोंड कोणीही चकचकीत करतो, पाठ बघ. पाठ तोंडाइतकीच साफ होती. कडीची खीळ कुठे आहे ते भिंगातूनही पटकन सापडेना. डाक, म्हणजे सांधा जोडायचा टाका, कुठे लावलाय ते कळत नव्हतं. मी मनापासून दाद दिली. तो माणूस असा खूश झाला की साडूंचं गिऱ्हाईक बाजूला राहिलं.

मग मी त्यांना मोबाइलवर आईच्या पुतळ्यांच्या माळेचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि एका पुतळीवर बोट ठेवून म्हणाले, "झेक्कीनो!" बरोबर ओळखलं. ती एक व्हेनिसची खरी आहे, बाकीच्या आपल्याकडे पाडलेल्या. व्हेनिसने १२८४ पासून हे नाणं पाडलं, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ चोख. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू. व्यापाऱ्यांबरोबर ती नाणी आपल्या किनाऱ्यावर आली, आपल्या बायकांनी गळ्यात घातली आणि आपल्या सोनारांनी त्यांच्या नकला पाडल्या. कित्येक घरांत त्या दोन आकृत्या देवाच्या म्हणून पुजल्या गेल्या. म्हणजे इटलीचं सोनं गळ्यात घालायला आम्हाला कोन्दोत्तीवर जाऊन शिकायची गरज नव्हती. हे मी तिथे बोललो नाही, इथे बोलतोय.

मजा अशी की रोमच्या बुल्गारी या दागिन्यांच्या कंपनीने १९६०च्या दशकात जुनी रोमन-ग्रीक नाणी सोन्यात बसवून हार करायला सुरुवात केली आणि त्याचं केवढं कौतुक झालं. कौतुक रास्त आहे, हार देखणे आहेत. बुल्गारीचा मूळ पुरुष सोतिरिओ हा ग्रीक, चांदीचं काम करणारा. १८८४ साली रोमला व्हिया सिस्तिनावर दुकान टाकलं आणि १९०५ पासून कोन्दोत्तीवर १० नंबरला. फ्रेंचांच्या हिऱ्या-प्लॅटिनमच्या जमान्यात या लोकांनी पिवळं सोनं आणि पैलू न पाडलेले, गोल घोटलेले रंगीत खडे पुढे आणले. आपल्या माणसाला ते लगेच पटतं, कारण आपल्याकडे खडे तसेच घोटायची रीत होती. २०११ साली कंपनी फ्रान्सच्या एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या बड्या समूहाकडे गेली. समोरच्या स्पॅनिश पायऱ्यांच्या दुरुस्तीला त्यांनी १५ लाख युरो दिले, ते काम २०१६ मध्ये पुरं झालं. दुकानासमोरचं अंगण साफ ठेवणं धंद्याला बरंच असतं.

याच कंपनीने २०२१ मध्ये भारतासाठी मंगळसूत्र काढलं. १८ कॅरट, काळे मणी ओनिक्सचे, थोडे हिरे, किंमत ३ लाख ४९ हजार. जाहिरातीला प्रियांका चोप्रा. साडूंनी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं, "बघा, आता रोमवाले आपल्याकडे यायला लागले." मी उत्तरात फक्त त्या आठवड्याचा भाव टाकला. तेव्हा चोख सोनं तोळ्याला ४७-४८ हजारांच्या आसपास होतं, म्हणजे तेवढ्या पैशात सात तोळ्यांच्या वर. त्यावर मेव्हणीने हसणारा चेहरा टाकला आणि साडूंनी ग्रुप म्यूट केला.

साडूंचं म्हणणं एकच: ब्रँडेड दागिना म्हणजे इन्व्हेस्टमेंट, रिसेल व्हॅल्यू असते. पुरावा म्हणून हॉलिवूडची नटी एलिझाबेथ टेलर. टेलरचे बुल्गारीचे दागिने २०११ साली न्यूयॉर्कला लिलावात निघाले. त्यातला नट रिचर्ड बर्टनने दिलेला पाचूचा ब्रोच ६५ लाख डॉलरवर गेला, पाचूचा हार ६१ लाखांवर. सगळं खरं. पण साडूसाहेब, ती टेलर होती. लोकांनी बुल्गारीचे पैसे दिले, पाचूचे दिले आणि टेलरच्या गळ्याचेही दिले. आपल्या मेव्हणीबद्दल मला पूर्ण आदर आहे, तरी त्या नावाने लिलाव होणार नाही.

साध्या माणसाचा ब्रेसलेट मोडायला निघाला की काय होतं ते मी रोज काउंटरवर बघतो. घडणावळ शून्य. नाव शून्य. खडे वेगळे काढायचे, बारीक हिऱ्यांना कोणी विचारत नाही. उरतं ते वजन गुणिले टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता. साडूंच्या अठ्ठावीस ग्रॅममध्ये चोख सोनं एकवीस ग्रॅम. घेतलं तेव्हा त्या सोन्याची किंमत बिलाच्या चौथाईलाही पोचत नव्हती. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही, कारण मेव्हणीला खरा आकडा अजून माहीत नाही.

म्हणून घ्यायचं असेल तर हौस म्हणून घ्या. पंचवीस वर्षांच्या संसाराला हौस शोभते, आणि काम खरोखर एक नंबर असतं. मी सोनार आहे, चांगल्या कामाला चांगलंच म्हणणार. फक्त घरी येऊन "गुंतवणूक केली" म्हणू नका. आणि वजन विचारा. चारचौघांत विचारा.

थोडं न्यायाचंही बोलायला हवं, नाहीतर म्हणाल सराफ आपलीच पोळी भाजून घेतोय. १८ कॅरट म्हणजे फसवणूक नव्हे. २२ कॅरट मऊ असतं, बारीक खडे तितके घट्ट धरून ठेवत नाही, म्हणून हिऱ्यांच्या कामाला बहुतेक १८ कॅरट वापरतात. त्यामुळे आपल्या २२ कॅरटच्या पाटल्यांशी त्यांची थेट तुलना करणं तितकंसं बरोबर नाही. मोठा, सर्टिफिकेट असलेला रंगीत खडा असेल तर माझा वरचा हिशोब बदलतो. आणि आमचा धंदा काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. हॉलमार्कची सक्ती यायच्या आधी घटीच्या (सोनं वितळताना येणाऱ्या तुटीच्या) नावाखाली काय काय कापलं जायचं ते मी बघितलंय. आता एप्रिल २०२३ पासून नव्या डागावर सहा आकडी-अक्षरी नंबर लागतो, मोबाइलवर तपासता येतो. आपल्याकडेही घडणावळ मोजावी लागतेच, फक्त ती बिलावर वेगळी लिहिलेली दिसते. कोन्दोत्तीवर दिसत नाही.

कस्टम्सचं राहिलंच, आणि तुमच्या "स्वस्त पडतं का"चं खरं उत्तर तिथेच आहे. परदेशातून दागिने आणायची वेगळी सवलत वर्षाहून जास्त काळ बाहेर राहून परत येणाऱ्यांना असते, टूरवर गेलेल्यांना नाही. मुंबईला उतरल्यावर रेड चॅनलने (आणलेला माल जाहीर करायच्या रांगेने) जाऊन ड्युटी भरलीत तर रोमला वाचलेला व्हॅट बहुतेक तिथे जिरतो. सवलतीच्या मर्यादा बदलत असतात, निघायच्या आठवड्यात कस्टम्सच्या साइटवर बघा. बायको इथून भारी दागिने घालून जाणार असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, येताना हुज्जत नको.

घेतलंत तर बिल, सर्टिफिकेट आणि मूळ डबा नीट ठेवा. ब्रँडेड दागिने जुन्यात विकत घेणारे वेगळे व्यापारी असतात, ते वजनाच्या वर काही देतात, एवढं साडूंचं मी मान्य करतो. पण हे सगळं सोबत असेल तरच ते नीट भाव देतात. मागच्या दिवाळीत मी मेव्हणीला डब्याबद्दल विचारलं. म्हणाली, म्युनिकचं घर बदललं तेव्हा गेला. बिल साडूंच्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहे, आणि लॅपटॉप कंपनीला परत केलाय.