राखीव डावा कोपरा परत घेतला, ते बरोबर केलं का?

प्रश्न : आमच्या कबड्डी मंडळानं गेल्या हंगामातला राखीव डावा कोपरारक्षक (डाव्या टोकाला उभा राहून पकड करणारा गडी) यंदाही बाहेरगावाहून आणला. हंगामाचे 8,000 रुपये, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. मागच्या साली तो बहुतेक वेळ बाकावरच होता. उपांत्य सामन्यात आमचा डावा कोपरा बाद होऊन बसला, तरी याला उतरवलं नाही. त्यापेक्षा पोट्ट्यांना बूट घेतले असते, असं निम्मं गाव म्हणते. तुम्हाला काय वाटते?
– एक कार्यकर्ता, दर्यापूर तालुका

उत्तर : भाऊ, परत घेतला ते बरोबरच केलं.

आधी त्या उपांत्य सामन्याचं बोलू, कारण गावाचा राग तिथूनच सुरू झालेला दिसतो. बाद झालेल्या गड्याच्या जागी राखीव गडी येत नाही; बदली होते ती मैदानात उभ्या असलेल्याची. म्हणजे याला आत आणायचं तर उरलेल्यांतला एखादा चढाईवाला बाहेर काढावा लागला असता. मग गुण आणून आपला कोपरा जिवंत कोणी केला असता? तुमच्या प्रशिक्षकानं तेव्हा हात आवरला, मीही तेच केलं असतं.

दुसरं म्हणजे, कोपरा एकट्यानं पकड करत नाही. बोनस रेषेच्या जादा गुणासाठी चढाईवाल्याचा पुढे आलेला पाय दिसला की तो घोट्यावर झेपावतो, त्याच क्षणी शेजारच्या मध्यरक्षकानं कंबरेत शिरलं पाहिजे. तो जरा उशिरा आला की चढाईवाला घोट्याला लटकलेल्या कोपऱ्यासकट घसटत मधल्या रेषेला हात लावतो. मी पोट्ट्यांना हातात हात धरून साखळीत उभं करून एवढंच घोटून घेतो : कोपऱ्यानं हात सोडला की पाऊल टाक, तोंडाकडे पाहू नको. हा मेळ बसायला अख्खा हंगाम जातो. तुमच्या राखीव गड्याचा तो बसलेला आहे. नवा माणूस आणला असता तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी तीनच गडी उरले आणि अव्वल पकडीचा जादा गुण हवा असला, तेव्हा हाच मेळ कामी येतो.

2022 च्या प्रो कबड्डीत तमिळ थलायवाज संघानं पवन सेहरावत या चढाईवाल्यावर 2.26 कोटी लावले, आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. नरेंदर नावाच्या नवख्या पोरानं चढाईचे 200 च्या वर गुण आणले, आणि संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला. तुमच्याकडे तर गुडघा जायचीही गरज नाही. आपले सामने दिवाळीनंतरचे. तेव्हा कापसाची वेचणी असते, तूर काढायची असते, त्यात पोलीस भरतीचं मैदान लागलं की चांगला गडी ऐन सामन्याच्या दिवशी जिल्ह्याला. त्या दिवशी डाव्या कोपऱ्यात कोणाला उभं करणार होते?

पैशाचं मात्र गावाचं काही अंशी पटते. वर्गणी लोकांनी घाम गाळून दिलेली आहे, सगळी रक्कम आधीच हातात देऊ नका. निम्मे आता द्या, निम्मे हंगाम संपल्यावर, आणि अट घाला की सामना नसेल त्या आठवड्यातही सरावाला यायचं. शाळेतल्या दोन पोरांना कोपऱ्याचं काम शिकवणं त्याच्याकडेच द्या. आणि समोरच्यावर लोण चढवून (म्हणजे त्यांचे सगळे गडी बाद करून) आघाडी मोठी झाली की मुख्य कोपऱ्याला विश्रांती देऊन याला आत पाठवा, साखळी सगळी तीच ठेवा.