वाचकांचे प्रश्न : दोनदा क्लब बुडाला तरी फुटबॉल न सोडणारं गाव

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती, की इंग्लंडमध्ये अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली नावाचा एक लहानसा फुटबॉल क्लब आहे आणि त्याच्या गावाची गोष्ट आपल्या कापसाच्या पट्ट्यातल्या लोकांनी ऐकावी अशी आहे. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचा पूर्ण कॉलम त्यालाच देतोय. फुटबॉल आपल्याकडे कामठी-नागपूरलाच, असं म्हणतात, पण पत्रं आली ती दारव्हा, मूर्तिजापूर, आर्वी, हिंगणघाट या बाजूची, म्हणून जास्तच बरं वाटलं.

भाऊ, माह्या पोट्ट्याच्या मोबाईलमधल्या फुटबॉलच्या गेममध्ये हे स्टॅन्ली दिसते. हे स्टॅन्ली म्हणजे माणसाचं नाव हाय का गावाचं? आन कोणी म्हणते क्लब 1888 चा, कोणी म्हणते 1891 चा, कोणी म्हणते 1968 चा. खरं काय समजाचं?
— एक पालक, दारव्हा तालुका

दादा, तिन्ही सालं खरी आहेत आणि त्यातच सगळी गोष्ट आहे, म्हणून सावकाश सांगतो.

गावाचं नाव अ‍ॅक्रिंग्टन. उत्तर इंग्लंडमध्ये लँकशायर नावाचा भाग आहे, मँचेस्टरच्या वर, तिथं ब्लॅकबर्न आणि बर्नली या दोन गावांच्या मधात हे वसलंय, लोकवस्ती साधारण 35 हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढंच. 1888 मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा त्यात 12 क्लब होते, त्यातले 6 एकट्या लँकशायरचे आणि त्या सहात एक अ‍ॅक्रिंग्टन. पण हा पहिला क्लब वेगळा, त्याच्या नावात स्टॅन्ली नव्हतं. 1893 मध्ये त्याला खालच्या डिव्हिजनमध्ये जायची पाळी आली तर त्यानं लीगच सोडली आणि पुढं तीन वर्षांत बंदही पडला.

त्याच गावात 1891 मध्ये काही पोरांनी स्टॅन्ली व्हिला नावाची टीम काढली होती. स्टॅन्ली हे तिथल्या एका गल्लीचं नाव, आपल्याकडं वॉर्डाच्या नावानं कबड्डीची टीम असते ना, तसंच. मोठा क्लब बुडाल्यावर या पोरांनी गावाचं नाव पुढं लावलं आणि झालं अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली. 1921 मध्ये हा क्लब लीगमध्ये शिरला, 40 वर्षं टिकला. 1950 च्या दशकात तर त्यांचा बरा काळ होता, वॉल्टर गॅलब्रेथ नावाचा मॅनेजर होता, त्यानं स्कॉटलंडहून इतके खेळाडू आणले की एकदा मैदानात उतरलेले अकराच्या अकरा जण स्कॉटलंडमध्ये जन्मलेले होते.

मग पैसा कमी पडला. 1958 मध्ये क्लबनं ऑल्डरशॉट इथं मिलिटरीच्या कार्यक्रमासाठी वापरलेला एक जुना स्टँड स्वस्तात मिळतो म्हणून घेतला, किंमत 1,450 पौंड, पण तो तिथून उचलून आणून आपल्या मैदानावर उभा करायलाच किमतीच्या कितीतरी पट खर्च लागला. सेकंडहँड ट्रॅक्टर स्वस्तात घेऊन मग इंजिन काढून बसलेला कास्तकार आपण पाहिलेला असतो, तेच झालं. प्रेक्षक कमी होत गेले, उधारी वाढत गेली आणि मार्च 1962 मध्ये, हंगाम चालू असताना, 33 सामने खेळून झालेले असताना, क्लबनं लीगला राजीनाम्याचं पत्र पाठवलं. शेवटचा सामना क्रू नावाच्या गावात झाला, 4-0 नं हरले.

मला यातला सगळ्यात जास्त लागणारा भाग याच्यानंतरचा आहे. पत्र गेल्यावर मदत करायला लोक पुढं आले, क्लबवाले म्हणाले आम्ही राजीनामा मागं घेतो, पण लीगचे सेक्रेटरी अ‍ॅलन हार्डेकर म्हणाले की आता उशीर झाला, राजीनामा तो राजीनामा. त्या हंगामातले त्यांचे 33 ही सामने रेकॉर्डमधून पुसून टाकले, जणू ते खेळलेच नव्हते. क्लब पुढं काही वर्षं छोट्या लीगमध्ये खेळला आणि 1966 मध्ये तोही संपला.

1968 मध्ये गावातल्या बोल्ड स्ट्रीटवरच्या कामगारांच्या क्लबमध्ये लोक जमले आणि त्याच नावानं नवा क्लब काढला. तुमच्या पोराच्या मोबाईलमध्ये दिसतो तो हा. कायद्याच्या कागदावर नवा आहे, पण तिथल्या माणसाला विचारलं तर तो एकच म्हणेल आणि मीही एकच धरतो.

मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या मूर्तिजापूरहून शकुंतला रेल्वेनं कापूस जायचा आणि तो पुढं मँचेस्टरला जायचा असं आम्ही मुलांना शिकवत आलो. तुम्ही ज्या गावाबद्दल लिहिलं ते त्याच भागातलं आहे का?
— मूर्तिजापूर

हो गुरुजी, त्याच भागातलं, आणि खरं सांगतो, मला या क्लबचा लळा लागला तो यामुळंच.

अ‍ॅक्रिंग्टनच्या शेजारी ऑस्वल्डट्विसल नावाचं गाव आहे, एकाच वेळी अनेक चात्यांवर सूत काढणारी स्पिनिंग जेनी बनवणारा जेम्स हार्ग्रीव्ह्ज तिथला. अ‍ॅक्रिंग्टनमध्ये विणकाम, कापडावरची छपाई आणि त्याहून मोठं म्हणजे हॉवर्ड अँड बुलो नावाचा कारखाना, तिथं सूतगिरण्यांची मशिनं बनायची आणि जगभर जायची, रिंग फ्रेम म्हणजे सूत कातायच्या एका प्रकारच्या मशिनसाठी तो नावाजलेला होता. आपल्या नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केली, आणि हिंदुस्थानात रिंग स्पिंडल, म्हणजे त्याच प्रकारच्या मशिनच्या चात्या, सुरुवातीला वापरणाऱ्यांत ती एक होती.

आता कापसाचं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस लँकशायरला यायचा बंद झाला. 1862 च्या शेवटी तिथं 5 लाखाच्या आसपास लोक मदतीवर जगत होते. मग सगळ्यांचं लक्ष वऱ्हाडाकडं आलं, 1853 मध्येच निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलेला होता, भाव चढले, लोकांनी ज्वारी काढून कापूस लावला. रेल्वे नागपूरपर्यंत पोचली 1867 मध्ये, खामगावची कापसासाठीची फाट्याची लाईन 1870 मध्ये, आणि तुमची शकुंतला तर त्याच्याही खूप नंतरची, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. पण युद्ध 1865 मध्ये संपलं, अमेरिकेचा कापूस परत सुरू झाला आणि इथं भाव कोसळले. चढत्या भावात कर्ज काढून बसलेला माणूस काय करेल, हे आपल्याकडं कुणाला सांगायची गरज नाही.

तिथल्या कामगारांचीही बाजू ऐका. पश्चिम हिंदुस्थानातल्या सगळ्या कापसाला ते सरसकट सुरत म्हणायचे आणि त्यांना तो नकोसा असायचा, कारण मशिनं अमेरिकेच्या लांब धाग्यासाठी लावलेली आणि आपला धागा आखूड, सारखा तुटायचा, मजुरी मिळायची तयार मालावर, म्हणजे धागा तुटला की भाकरी कमी. मी लहान असताना बाबांसोबत मार्केट यार्डात जायचो, तिथं व्यापारी बैलगाडीतल्या ढिगात हात कोपरापर्यंत घालून आतला कापूस काढायचा, एका बोंडातली चिमूट दोन्ही हातांच्या अंगठा-बोटात धरून हळू ओढायचा, परत एकावर एक ठेवून ओढायचा, चारपाच वेळा, मग सरळ झालेली ती पांढरी पट्टी काळ्या छत्रीच्या कापडावर ठेवून पाहायचा आणि तोंडातून एक आकडा काढायचा. बाबा त्या बोटांकडं पाहत राहायचे, व्यापाऱ्याच्या तोंडाकडं नाही. लँकशायरचा विणकर त्याच धाग्याच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि तोही तो तुटतो कधी याच भीतीत उभा होता. हिंगणघाटचा कापूस मात्र त्या काळीसुद्धा चांगला म्हणून गणला जायचा, हिंगणघाटवाल्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवा.

आणि गुरुजी, मुलांना आणखी एक सांगा. पहिल्या महायुद्धात या गावानं आणि आजूबाजूच्यांनी मिळून स्वतःची पलटण दिली, अ‍ॅक्रिंग्टन पाल्स म्हणायचे, एकाच गल्लीतले, एकाच गिरणीतले मित्र. 1 जुलै 1916 ला फ्रान्समध्ये सेर या गावासमोर साधारण 720 जण पुढं गेले आणि अर्ध्या तासाच्या आसपास त्यातले 584 मेले, जखमी झाले किंवा सापडलेच नाहीत. एवढ्याशा गावात घरोघरी तार आली असेल.

स्टेडियम केवढं आहे? फोटोत तर आमच्या तालुका क्रीडा संकुलाएवढंच दिसते.
— बारावीतली एक खेळाडू, आर्वी

बाई, तुझी नजर बरोबर आहे. क्राऊन ग्राउंड, सध्या स्पॉन्सरच्या नावानं व्हॅम स्टेडियम म्हणतात, साडेपाच हजाराच्या आतच माणसं बसतात, उभी राहतात. हो, उभी राहतात. एका गोलच्या मागं क्लेटन एंड म्हणून छप्पर असलेली पायऱ्यापायऱ्यांची जागा आहे, तिथं स्टॅन्लीचे लोक ढोल घेऊन उभे राहून सामना पाहतात, पत्र्याखाली आवाज घुमतो आणि 300 माणसं 3 हजारासारखी वाटतात. समोरच्या गोलमागं पाहुण्यांची जागा, तिला वर छप्पर नाही, पाऊस आला की भिजायचं, आणि लँकशायरमध्ये पाऊस येतोच. मैदानाला लागून क्राऊन नावाचा पब आहे, आजूबाजूला टेकड्या. 2018 च्या सुमारास एका बाजूचा जुना स्टँड पाडून नवा बांधला.

1962 पूर्वीचं मैदान हे नाही, ते पील पार्क, आता ती जागा एक प्राथमिक शाळा वापरते, मुलं तिथं खेळतात. 1970 मध्ये नव्या क्लबनं पहिला सामना खेळला तेव्हा क्राऊन ग्राउंडवर फारसं काही नव्हतं.

मग परत वर कसे आले ते सांगा ना राव. आन सध्या कुठं आहेत?
— राळेगाव

हळू आले. 1999 मध्ये जॉन कोलमन मॅनेजर झाला तेव्हा क्लब खूप खालच्या लीगमध्ये होता, एरिक व्हॅली नावाचे चेअरमन होते, जे आधी याच क्लबकडून खेळलेले. मग 2000, 2003 आणि 2006, तीनदा वर चढले. 2006 ला जो क्लब खाली पडला आणि हे वर आले, तो होता ऑक्सफर्ड युनायटेड, आणि 1962 मध्ये स्टॅन्लीनं सोडलेली जागा ज्या क्लबला मिळाली होती तोही ऑक्सफर्ड युनायटेडच. 44 वर्षांनी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री बायकोला उठवून सांगितलं होतं.

2009 मध्ये टॅक्सच्या थकबाकीमुळं परत बुडायची वेळ आली, लोकांनी बादल्या घेऊन वर्गणी जमवली, इलियास खान नावाचे एक जण मदतीला आले, वाचले. 2015 पासून अँडी होल्ट मालक आहेत, शेजारच्या शाळांतल्या मुलांना क्लबचा शर्ट फुकट देतात, म्हणजे पोरगं लिव्हरपूलसारख्या मोठ्या क्लबचा शर्ट घालायच्या आधी गावचा घालेल. 2018 मध्ये लीग टू म्हणजे चौथ्या पायरीची लीग जिंकून वर गेले, 2023 ला परत खाली आले. इंग्लंडच्या वरच्या चार पायऱ्यांवर मिळून 92 क्लब असतात, त्यातल्या चौथ्या पायरीवर हे. 1980 च्या दशकाच्या शेवटी तिथं दुधाची एक जाहिरात लागायची, त्यात लिव्हरपूलचा एक पोरगा दुसऱ्याला म्हणतो की दूध पिलं नाही तर स्टॅन्लीकडून खेळावं लागेल, आणि दुसरा विचारतो ते कोण. जानेवारी 2025 मध्ये हे स्टॅन्लीवाले एफए कप या स्पर्धेच्या सामन्यात लिव्हरपूलच्या मैदानावर खेळले, 4-0 नं हरले, पण आता ते कोण असं कोणी विचारत नव्हतं.

आमच्या गावची टीम मोडली. मैदानावर एका संस्थेनं माल टाकायला सुरुवात केली, पोट्टे पांगले. परत कशी उभी करू?
— घाटंजी तालुका

मित्रा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं कारण आमच्या गावीही जिनिंगच्या बाजूच्या मैदानाचं हेच झालं. आम्ही खेळायचो तेव्हा गोलच्या जाळीत रुईचे पुंजके अडकलेले असायचे, पावसाळ्यात काळ्या मातीनं बूट दोन किलोचे व्हायचे. मग एका वर्षी सरकीची पोती आली, पुढच्या वर्षी कुंपण आलं. आम्ही फक्त चहाच्या टपरीवर चिडलो, कागद कोणीच केला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तू कागद कर. तलाठ्याकडून त्या जागेचा सातबारा काढ, जागा गायरान आहे का, खेळासाठी ठेवलेली आहे का ते बघ. ग्रामसभेत लेखी अर्ज दे आणि ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहून घे, तोंडी हो वर उठून येऊ नको. टीमची संस्था धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसमध्ये रजिस्टर कर, बँकेत दोन सह्यांचं खातं काढ, म्हणजे वर्गणीवरून भांडण होत नाही. आणि पहिल्या वर्षी स्टँड, लाईट, मोठी बक्षिसं यात पडू नको, पील पार्कचा तो स्वस्तातला स्टँड आठव. बोल्ड स्ट्रीटच्या बैठकीपासून पहिल्या सामन्यापर्यंत त्यांना दोन वर्षं लागली होती, तोवर एक बॉल आणि शाळेचं मैदान पुरतं. ठराव झाला की मला कळव, उद्घाटनाच्या सामन्याला येतो.

मॅच आपल्याकडं किती वाजता असते?
— वणी

बहुतेक सामने शनिवारी तिथल्या दुपारी 3 वाजता. हिवाळ्यात आपल्याकडं रात्री 8:30, आणि मार्चच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत त्यांची घड्याळं एक तास पुढं असतात म्हणून 7:30. वेचणीच्या दिवसांत शनिवारी साडेआठला आपल्याकडं जेवणं झालेली असतात, मी त्याच वेळी खाटेवर पडून स्कोअर बघतो.