वाचकांचे प्रश्न : रक्तनमुना घेण्याचे शिक्षण

प्रश्न : विज्ञान विषय घेऊन माझे शालेय शिक्षण पूर्ण झाले आहे आणि प्रयोगशाळेत काम करण्याची इच्छा आहे. समोर दोन अभ्यासक्रम आहेत. एक केवळ रक्तनमुने घेण्याचा, काही आठवड्यांचा. दुसरा प्रयोगशाळा साहाय्यकाचा, त्याहून बराच मोठा. कोणता निवडावा? शिवाय रक्त पाहिले की मला भोवळ आल्यासारखे होते. अशा व्यक्तीने या कामाचा विचार करावा का?

उत्तर : ही दोन्ही कामे शेजारशेजारची असली, तरी त्यांतील दिवस फार वेगळे जातात. फ्लेबोटोमिस्टचा, म्हणजे रक्तनमुने घेणाऱ्याचा, जवळजवळ सगळा वेळ माणसांत जातो. घाबरलेले मूल, उपाशीपोटी ताटकळलेले आजोबा आणि ‘मागच्या वेळी फार दुखले होते’ असे आधीच बजावणाऱ्या बाई यांच्याशी दिवसभर बोलण्याची ज्याला हौस नाही, त्याने केवळ अभ्यासक्रम लहान आहे म्हणून ही वाट धरू नये. साहाय्यकाचा वेळ नमुन्यांत जातो. आलेल्या नमुन्याची नोंद करणे, ट्यूबवरील आणि मागणीपत्रावरील नाव ताडून पाहणे, सेंट्रिफ्यूज या वेगाने फिरणाऱ्या यंत्रात फिरवून सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारा द्रव) वेगळे करणे, काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढणे, कचऱ्याची योग्य विल्हेवाट लावणे ही त्याची कामे होत. अनेक ठिकाणी साहाय्यकालाही रक्त घ्यावे लागते, त्यामुळे वेळ आणि पैसा यांची सोय होत असेल तर मी मोठा अभ्यासक्रम सुचवीन.

मात्र कालावधीपेक्षा महत्त्वाचे दोन प्रश्न शुल्क भरण्यापूर्वी विचारा. जिथे नोकरी करायची आहे तिथे हे प्रमाणपत्र मान्य आहे का? आणि देखरेखीखाली प्रत्यक्ष माणसांचे रक्त किती वेळा घेऊ देणार? रबरी हातावरचा सराव आवश्यक आहे, पण रबरी हात दचकत नाही आणि त्याची शीर निसटत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फ्लेबोटोमीचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शिरेतून किमान ५० वेळा आणि त्वचा टोचून किमान १० वेळा रक्त घेतल्याचा दाखला लागतो. या आकड्याच्या जवळपासही न जाणारी संस्था हात बसवून देईल, असे मला वाटत नाही.

भोवळीबद्दल. बहुतेक भीतींमध्ये रक्तदाब वाढतो. रक्त पाहून येणाऱ्या भोवळीत मात्र नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला होणारा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो. म्हणून येथे अंग सैल सोडण्याचा सल्ला उपयोगी पडत नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी विकसित केलेल्या पद्धतीत हात, पाय आणि धड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून धरायचे, थोडे सैल सोडायचे आणि असे पाच वेळा करायचे असते. त्याने रक्तदाब सावरतो. अनेकांची ही भोवळ सरावाने नाहीशी होते. तुम्ही खरोखरच बेशुद्ध पडत असाल, तर मात्र आधी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : वेगवेगळ्या रंगांच्या टोपणांच्या ट्यूब ठरावीक क्रमानेच भराव्यात, असे प्रशिक्षणात सतत बजावले जाते. रक्त तर एकाच शिरेतून येते. मग क्रम चुकल्याने काय बिघडते?

उत्तर : शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर मी पुस्तकातून शिकलो नाही. शिकाऊ असताना एकदा लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त थोडे कमी पडले, म्हणून जांभळ्या ट्यूबमधले चार थेंब मी तीत ओतले आणि हुशारी केल्याच्या आनंदात नमुना पाठवून दिला. निकालात पोटॅशियम इतके वाढलेले निघाले की ते खरे असते तर हृदयाची धडगत नव्हती. कॅल्शियम तर जवळजवळ नाहीसेच झाले होते. ते रुग्ण त्या वेळी बाहेरच्या बाकावर निवांत वर्तमानपत्र वाचत होते. आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी यंत्र तपासले नाही. त्या थेट माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “कुठल्या ट्यूबमधून ओतलंस?” त्या गृहस्थांना पुन्हा सुई सोसावी लागली आणि त्यांची क्षमा मी स्वतः मागितली.

त्याचे कारण असे. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए या रसायनाचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. तो रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाही आणि पेशी मोजता येतात. निळ्या ट्यूबमध्ये सोडियम सायट्रेट, हिरव्या ट्यूबमध्ये हेपॅरिन आणि राखाडी ट्यूबमध्ये फ्लोराइड असते; फ्लोराइड नसेल तर रक्तपेशी ट्यूबमध्येही साखर खात राहतात आणि साखरेचा आकडा खोटा कमी येतो. लाल किंवा सोनेरी टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू देऊन सीरम मिळवतात. एकाच सुईने एकामागून एक ट्यूब भरताना आधीच्या रसायनाचा अंश पुढच्या ट्यूबमध्ये जाऊ शकतो, म्हणून क्रम ठरलेला आहे. जंतू वाढवून पाहण्याच्या बाटल्या सर्वांत आधी, कारण त्या निर्जंतुक राहायला हव्यात. त्यानंतर निळी, लाल किंवा सोनेरी, हिरवी, जांभळी आणि शेवटी राखाडी.

रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासण्याची निळी ट्यूब खुणेपर्यंतच भरली पाहिजे. तिच्यात एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त असे प्रमाण धरलेले असते. रक्त कमी पडले तर ते गोठायला प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ लागतो असे दिसते. ट्यूब खळखळ हलवू नये, हळुवार उलटसुलट करावी : जांभळी आठ-दहा वेळा, निळी तीन-चार वेळा. जोराने हलवल्यास तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातील पोटॅशियम बाहेर येते. रुग्णाला मुठीची सारखी उघडझाप करायला लावल्यानेही पोटॅशियम वाढलेले दिसते, आणि ही सवय मी अनुभवी हातांतही पाहिली आहे.

या सगळ्यापेक्षा घातक चूक म्हणजे नावाची, कारण चुकीच्या नावाचा नमुना दिसायला अगदी निर्दोष असतो. “आपण अमुकच ना?” असे विचारले की अर्धवट झोपेतला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो; नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून घ्यावी. लेबल रक्त घेतल्यानंतर लावावे, पण रुग्णासमोरून हलण्यापूर्वी. आधीच लेबले लावून ठेवलेल्या रिकाम्या ट्यूब ही पुढच्या गोंधळाची तयारीच असते.

प्रश्न : वृद्ध रुग्णांच्या शिरा दिसतात ठळक, पण सुई लावताच निसटतात. दोन-तीनदा टोचूनही रक्त येत नाही तेव्हा लाज वाटते. काय चुकते?

उत्तर : तुम्ही डोळ्यांवर विसंबता आहात. वयानुसार त्वचेखालची चरबी कमी होते, म्हणून शीर ठळक दिसते. तिला धरून ठेवणारा आधारही त्याच कारणाने सुटलेला असतो. बोटाने दाबून पाहा. शीर हलकी उसळी घेते, स्नायूबंध दोरीसारखा कडक लागतो आणि धमनी ठोके देते. कोपराच्या खोबणीतील मधली शीर पहिली, अंगठ्याच्या बाजूची दुसरी. करंगळीच्या बाजूची सर्वांत शेवटी, कारण तिच्याजवळून धमनी आणि मज्जातंतू जातात.

शीर फुगवण्यासाठी हाताला बांधायचा पट्टा टोचण्याच्या जागेच्या सात ते दहा सेंटिमीटर वर, वृद्धांना बाहीवरून आणि सैलसर बांधावा आणि एका मिनिटापेक्षा अधिक ठेवू नये. टोचण्याच्या जागेखालची त्वचा अंगठ्याने खाली ताणून धरली की शीर स्थिर राहते. निसटण्याचे कारण बहुधा हा अंगठा न लावणे हेच असते. सुईचा कोन एरवी १५ ते ३० अंश असतो. येथे तो कमीत कमी ठेवून २३ गेजची, म्हणजे बारीक, पंखांची सुई वापरावी. स्पिरिट पूर्ण वाळू द्यावे, अन्यथा झोंबते. सुई काढण्यापूर्वी पट्टा सोडावा आणि नंतर हात सरळ ठेवून जागा दाबून धरावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास जास्त वेळ दाबावे.

सुई आत ठेवून इकडेतिकडे शोध घेऊ नये. विजेसारखी कळ गेल्याचे रुग्णाने सांगितले तर सुई लगेच बाहेर काढावी. दोन प्रयत्न फसले की तिसरा सहकाऱ्याला करू द्यावा. त्यात लाजण्यासारखे काहीही नाही, लाज तिसऱ्यांदा हट्टाने टोचण्याची वाटायला हवी.

प्रश्न : वापरलेल्या सुईला टोपण लावताना ती माझ्या बोटात शिरली. हात धुतला, पण रागावतील म्हणून कुणाला सांगितले नाही. धोका किती आहे?

उत्तर : हा अंक मिळताच वरिष्ठांना सांगा. साबण आणि पाण्याने धुतले ते योग्यच केले. जखम पिळणे किंवा तीव्र रसायन लावणे टाळावे. अशा टोचण्यातून एचआयव्हीची लागण होण्याचा सरासरी धोका, ज्याचे रक्त होते तो बाधित असल्यास, हजारात सुमारे तीन इतका असतो. लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस ‘बी’चा धोका याच्या कितीतरी पट अधिक आहे. म्हणून या कामात पाऊल टाकण्यापूर्वीच त्या लसीच्या मात्रा (सामान्यतः तीन : पहिली, एका महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी) पूर्ण करून नंतर प्रतिपिंडांची चाचणी करून घ्यायची असते. वापरलेल्या सुईला टोपण लावायचेच नसते. ती हाताशी ठेवलेल्या कठीण डब्यात तशीच टाकावी, आणि तो डबा तीन चतुर्थांश भरला की बदलावा.

एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. तुमचे पत्र छापून येईपर्यंत ती मुदत उलटलेली असणार. तरीही कळवा, कारण तुमच्या रक्ताची आजची चाचणी आणि ठरावीक अंतराने पुढच्या चाचण्या करणे अजून तुमच्या हातात आहे, आणि घटनेची नोंद नसेल तर पुढे काही निष्पन्न झाल्यास ते कामावर घडले हे दाखवता येणार नाही.