हिचकॉकच्या 'रिबेका' या चित्रपटातली मिसेस डॅनव्हर्स, म्हणजे ज्युडिथ अँडरसन, ब्रिटिश होत्या का? आणि त्या मुळात चित्रपटातल्या की नाटकातल्या?

ब्रिटिश नव्हे, ऑस्ट्रेलियन. आणि आधी रंगभूमीच्या, मग पडद्याच्या. जन्म १८९७ साली ॲडलेडचा, रंगभूमीवर पदार्पण सिडनीत, आणि १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. गैरसमज होतो तो दोन कारणांनी: 'रिबेका'ची गोष्ट इंग्लंडमध्ये घडते, आणि १९६० साली त्यांना 'डेम' हा ब्रिटिश किताब मिळाला. मिसेस डॅनव्हर्सच्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन होतं, पण हॉलिवूडने त्यांना बहुतेक दुय्यम भूमिकाच दिल्या. त्यांचा खरा आवाका कळतो न्यूयॉर्कच्या नाट्यसृष्टीत, म्हणजे ब्रॉडवेवर. १९३६ मध्ये इंग्लिश नट जॉन गिलगुडच्या हॅम्लेटसमोर त्या राणी गर्ट्रूड होत्या, पुढच्याच वर्षी लंडनला नट लॉरेन्स ऑलिव्हिएसोबत लेडी मॅकबेथ. १९४७ ची 'मीडिया' (ग्रीक पुराणकथेतली स्त्री, त्याच नावाच्या नाटकाची नायिका) तर कळसच. तिच्यासाठी टोनी हा अमेरिकी नाट्यपुरस्कार मिळाला. १९८२ मध्ये तेच नाटक ब्रॉडवेवर पुन्हा आलं, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या अँडरसन त्यात दाईच्या भूमिकेत उभ्या राहिल्या आणि मीडिया झाली झोई काल्डवेल, तीही ऑस्ट्रेलियनच! मला हा योग फार हृद्य वाटतो. ही माहिती त्यांच्या छापील चरित्रनोंदी आणि पुरस्कारांच्या याद्यांतून घेतली आहे. एक मात्र लक्षात घ्या: त्या परदेशी स्थायिक झाल्या तरी मायदेशाशी नातं तुटलं नव्हतं, १९५५ मध्ये 'मीडिया' घेऊन त्यांनी ऑस्ट्रेलियाचा दौरा केला होता.