‘मेडिव्हल टू: टोटल वॉर’ या युद्धाच्या गेममध्ये बचावासाठी किल्ले बांधण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की मिलान हे इटलीतलं राज्य घेऊन खेळताना आल्प्सच्या खिंडींमध्ये सहा किल्ले बांधले, प्रत्येकात एकेक तुकडी ठेवली, तरी फ्रेंच नाहीतर जर्मन येतात, एक किल्ला चिरडतात आणि सरळ मिलानच्या दारात उभे राहतात. मग हे किल्ले फक्त शोभेचे आहेत का?

शोभेचे नाहीत. पण तुम्ही किल्ल्याला जे काम सांगितलंय ते त्याचं काम नाही.

मी साताऱ्यात राहतो. हा गेम २००६ साली आला तेव्हा आमच्याकडे पोवई नाक्याजवळच्या एका कॅफेत तासावर पैसे भरून खेळायचो. २०२२ मध्ये मोबाईलवर आल्यापासून रात्री दुकान बंद करून घरी गेलो की अर्धा तास होतोच. मिलान माझी आवडती. तुमच्या सगळ्या चुका मी आधीच करून ठेवल्यात, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी हिशोब. एक किल्ला ५०० फ्लोरिनला (गेममधलं नाणं) पडतो, म्हणजे सहा किल्ल्यांचे ३०००. हा खर्च एकदाच होतो. पण आतल्या शिबंदीचा पगार दर टर्नला, म्हणजे दर खेळीला, चालू राहतो. शहरातल्या काही मिलिशिया, म्हणजे नागरी शिपायांच्या, तुकड्या फुकटात पोसल्या जातात, ती सवलत या लाकडी किल्ल्यात मिळत नाही. सहा तुकड्या सहा ठिकाणी ठेवून तुम्ही एक बरी फौज सहा भागांत वाटून टाकलीत. समोरून वीस तुकड्यांची फौज आली की ती एका वेळी एकाच किल्ल्यावर येणार. म्हणजे लढाई नेहमी वीस विरुद्ध एक. उरलेले पाच किल्ले लांबून बघत बसतात.

मग किल्ला करतो काय? शत्रूला थांबवतो. मारत नाही, थांबवतो. आमच्याकडे कास रस्त्याला रविवारी एक गाडी आडवी लागली की मागे कशी रांग लागते, तेवढंच. गेममध्ये प्रत्येक फौजेभोवती थोडी जागा अशी असते की शत्रू तिथून सरळ चालत पुढे जाऊ शकत नाही. मोकळ्या मैदानात तो वळसा घालतो. खिंडीत किंवा पुलावर वळसा घालायला जागाच नसते, मग त्याला किल्ल्याला वेढा द्यावा लागतो. त्याच्याकडे तोफा किंवा कॅटापुल्ट (दगड फेकणारं यंत्र) नसेल तर आल्या आल्या हल्लाही करता येत नाही. आधी तळ ठोकून रॅम, म्हणजे दरवाजा फोडायचा ओंडका, तयार करावा लागतो, हल्ला पुढच्या टर्नला. तो एक टर्न तुम्हाला मिळाला. पाचशे फ्लोरिनमध्ये तुम्ही तेवढंच विकत घेता.

आता त्या एका टर्नचं करायचं काय, हा खरा प्रश्न. तुमच्याकडे मागे मोकळी फौज नसेल तर काहीच करता येत नाही आणि पाचशे गेले. फौज असेल तर ती वेढा घालून बसलेल्या शत्रूच्या पाठीवर सोडायची. किल्ल्यातले लोकही त्या लढाईत आपल्या बाजूने उतरतात. शत्रू दोन्हीच्या मधे सापडतो.

प्रतापगडाचं उदाहरण डोळ्यांसमोर आणा, आमच्याच जिल्ह्यातलं आहे. तो गड १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी उभा केला तो पार घाटावर नजर ठेवायला, कोकणात उतरणारी वाट होती ती. १६५९ मध्ये अफझलखान वाईला तळ देऊन बसला होता. वाई म्हणजे सपाट, मोकळं, त्याच्या घोडदळाला सोयीचं. महाराजांनी तिथे जाऊन लढाई दिली नाही, त्यालाच जावळीत आणलं. १० नोव्हेंबरला गडाच्या पायथ्याशी काय झालं ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण खानाची फौज गडाखालच्या पार गावात होती ती गडावरच्या तटामुळे संपली नाही. ती संपवली आजूबाजूच्या रानात दबा धरून बसलेल्या नेताजी आणि मोरोपंतांच्या माणसांनी. गडाने खानाला हव्या त्या जागी आणून उभं केलं, बाकीचं बाहेरच्या फौजेने केलं. तुमच्या गेममध्ये गड आहेत सहा, आणि रानात कोणीच नाही.

म्हणून सहाचे दोन करा. मिलानच्या उत्तरेला बर्न आणि इन्सब्रूककडून येणाऱ्या वाटा बघा. जिथे दोन्ही बाजूंना डोंगर अगदी जवळ येतात तिथेच बांधा. नकाशावर बोटाने फौज पुढे ओढून बघा, चालण्याची हद्द कुठे अडते ते दिसतं. किल्ल्याच्या बाजूने नकाशावरचा एक चौकोन जरी मोकळा राहिला तरी कॉम्प्युटर तिथून बरोबर सटकतो. मार्सेलकडून जेनोआला येणारी किनाऱ्याची वाटही अडवता येते, पण मी तिथे बांधत नाही, कारण फ्रेंच जहाजातून उतरायला लागले की ती वाट अडवून काय मिळवलं?

जागेबद्दल आणखी एक. बऱ्याच जणांना वाटतं किल्ला अगदी सीमेवर हवा. तसं नाही. तो तुमच्या मोकळ्या फौजेपासून एका टर्नच्या चालीत हवा. सीमेवर लांब बांधलात आणि फौज पोहोचायला तीन टर्न लागले तर फौज पोहोचेपर्यंत तिथे कावळे. मी मिलानच्या बाहेर, दोन्ही किल्ल्यांना जवळ पडेल अशा जागी, आठ-दहा तुकड्यांची फौज ठेवतो. त्यात तीन-चार घोडदळाच्या. आणि किल्ल्याच्याही पुढे, डोंगरावर, २०० फ्लोरिनचा एक टेहळणी बुरूज. त्याला माणसं लागत नाहीत, पगार नाही. शत्रू दोन टर्न आधी दिसला तर अर्धी लढाई तिथेच झाली. सकाळी मी अजिंक्यताऱ्यावर चालायला जातो. वर मंगळाईच्या देवळापाशी थांबलं की एका बाजूला यवतेश्वर, दुसरीकडे जरंडेश्वर, तिकडे सज्जनगड, खाली सगळं शहर. तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं की हे दोनशे फ्लोरिन कशाचे घेतात.

आता माझी फजिती. एकदा मी बर्नच्या खिंडीत किल्ला बांधला. किल्ला बांधायला सरदारच लागतो, राजघराण्यातला, कप्तानाकडून होत नाही. तर युवराजाला पाठवला, बांधून झालं, पुढच्या टर्नला सगळी फौज घेऊन बाहेर काढला. तिकडे एक बंडखोरांची टोळी होती तिला मारून परत येऊ म्हटलं. परत आलो तर किल्ला गायब. मी समजलो गेम बिघडला. शेजारी बसलेला भाचा हसत सुटला, म्हणाला, मामा, एक तरी माणूस आत ठेवायचा की राव. मूळ गेममध्ये किल्ला रिकामा सोडला की टर्न संपताच नाहीसा होतो. किंगडम्स नावाचा विस्तार आहे त्यातल्या काही मोहिमांत दगडी, कायमचे किल्ले आहेत, ते राहतात. आपले लाकडी म्हणजे मांडव.

पुन्हा पाचशे घातले आणि या वेळी शहाणपणा म्हणून युवराजालाच आत बसवला. ती दुसरी चूक. मैदानात हरलात तर उरलेले लोक पळून जाऊ शकतात. वेढ्यात आत हरलात की एकही जिवंत राहत नाही. युवराज गेला. तेव्हा सरदाराने बांधावं, तीन-चार तुकड्या आत ठेवाव्यात आणि स्वतः बाहेरच्या फौजेत जावं. त्यात एक धोका आहे, सरदार नसलेली तुकडी शत्रूचा दूत पैसे देऊन फोडू शकतो. माझ्याबाबतीत हे क्वचितच झालंय, पण झालं तेव्हा हसू आलं. औरंगजेबाने अखेरच्या वर्षांत कित्येक गड लढून नाही, पैसे मोजून घेतले होते, आणि मी इथे साताऱ्यात बसून गेममधल्या एका कप्तानाच्या फितुरीला नावं ठेवतोय.

आत कोण ठेवायचं ते नीट सांगतो, कारण इथे मिलानवाले हमखास फसतात. मिलानचे जेनोईज क्रॉसबोवाले (यंत्रधनुष्य चालवणारे) भारी, चिलखत असलेल्या माणसालाही लोळवतात. म्हणून मी तीन तुकड्या त्यांच्याच ठेवल्या होत्या. जर्मन आले, एक टर्न थांबले, रॅम घेऊन चालत आले. माझे लोक धडाधड मारतायत, रॅम ढकलणारे पडतायत, दुसरे येऊन ढकलतायत, आणि रॅम काही थांबेना. दरवाजा फुटला, पुढे भालेवाला एकही नाही, क्रॉसबोवाले हातघाईत दोन मिनिटं टिकले नाहीत. मग लक्षात आलं की रॅम थांबवायचा तर पेटवावा लागतो, आणि पेटते बाण क्रॉसबोवाल्यांकडे नसतात. साध्या गावठी तिरंदाजांकडे असतात! ज्यांना आपण बिनकामाचे म्हणून कधी घेतच नाही ते.

आता माझा ठरलेला संच असा: भाल्याच्या दोन मिलिशिया, एक गावठी तिरंदाज, जमलं तर एक क्रॉसबो. भालेवाले दरवाजाच्या आतल्या बाजूला, थोडं मागे, अर्धवर्तुळात, गार्ड मोड (जागा न सोडता लढण्याचा हुकूम) चालू करून. दरवाजाला अगदी चिकटवून उभे करू नका, फुटताना सगळे गोंधळतात. तिरंदाज त्यांच्या मागे, पेटते बाण चालू, लक्ष्य फक्त रॅम. रॅमवर जाळ दिसू लागला की थोडा धीर धरा, तो पूर्ण जळाला की ढकलणारे सोडून पळतात. शत्रूकडे दुसरा रॅम नसेल तर त्या दिवशीची लढाई तिथेच संपली. दुसरा असला तर तिरंदाजांना पुन्हा कामाला लावा आणि क्रॉसबोवाल्यांना मागच्या गर्दीवर. दरवाजा फुटलाच तर त्या अरुंद तोंडात त्यांचं घोडदळ अडकतं, आणि भाल्यांपुढे अडकलेलं घोडदळ म्हणजे मेजवानी. पायदळ आलं तर मात्र चार तुकड्यांनी चौदा थोपवता येत नाहीत, ते धरूनच चला. त्यासाठीच तर मागची फौज त्याच टर्नला निघायला हवी, रॅम तयार व्हायच्या आत. मी बहुतेक वेळा आतली लढाई होऊच देत नाही.

कॅटापुल्ट किंवा तोफा घेऊन शत्रू आला तर हे सगळं गुंडाळून ठेवा. तो थांबतच नाही, त्याच टर्नला तट फोडून आत येतो. मोहिमेच्या दुसऱ्या निम्म्यात, बारूद आल्यावर, लाकडी किल्ल्याची किंमत जवळपास शून्य होते. तसं बारूदीचंही सांगता येत नाही म्हणा. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः अजिंक्यताऱ्याखाली येऊन बसला होता, किल्लेदार प्रयागजी प्रभू. एप्रिलमध्ये मोगलांनी सुरुंग लावले. पहिल्याने तट उडाला आणि आतली माणसं गेली, दुसरा बाहेरच्या बाजूला फुटला आणि हल्ल्याला तयार उभे असलेले मोगलच ढिगाऱ्याखाली गेले. बादशहा, एवढी मोठी फौज, आणि एका डोंगराला साडेचार महिने. त्याच एप्रिलमध्ये गड गेला, जूनमध्ये शेजारची परळी म्हणजे आजचा सज्जनगड गेला. पण १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला तो साताऱ्यातच. तुमचा किल्ला पडला म्हणून नवा गेम चालू करू नका, एवढंच सांगायचंय.

पोपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मिलान घेतलंय म्हणजे तो त्रास होणारच. शत्रूही कॅथलिक असला की तुम्ही चाल करून गेल्यावर पोपचं पत्र येतं, लढाई थांबवा म्हणून. किल्ल्यात बसून राहिलात आणि तो चालून आला तर पत्र त्याला जातं. मला हे फार आवडतं.

आणि ते व्यापारी-किल्ल्याचं, जे तुम्हाला कुणीतरी सांगितलंय, ते खरं आहे. सोन्यासारख्या मालाच्या जागेवर किल्ला बांधला की आत एकाहून जास्त व्यापारी बसवता येतात आणि सगळे कमावतात. टिंबक्टूच्या सोन्यावर लोक असं करतात. मी करत नाही, मजा जाते. तुमची इच्छा.

तुमच्या सहापैकी इन्सब्रूकच्या खिंडीतला आणि बर्नकडचा, हे दोन ठेवा. बाकी चार मोडायला काही करावं लागत नाही. तुकड्या बाहेर काढा, टर्न संपवा, ते आपोआप जातील. त्या चार तुकड्या मिलानबाहेरच्या फौजेत घाला, आणि पुढच्या पगारातून दोन गावठी तिरंदाज घ्या.