दुसऱ्या पुस्तकात सापडलेला उतारा थेट मूळ ग्रंथाच्या नावावर द्यावा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: लघुप्रबंधात दुसऱ्याच्या पुस्तकातून मिळालेला उतारा थेट मूळ ग्रंथाच्या नावावर दिला तर चालतो का, आणि शब्द बदलून लिहिलं तरी संदर्भ लागतो का.

पहिलं चालत नाही. जे पुस्तक तुम्ही स्वतः उघडलंत, संदर्भ त्याचाच द्यायचा. समजा, एक पेशवेकालीन पत्र तुम्हाला अलीकडच्या एखाद्या अभ्यासग्रंथात मिळालं आणि तिथल्या तळटिपेत इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या पत्रसंग्रहाचा खंड दिलेला आहे. ती तळटीप जशीच्या तशी उचललीत आणि त्या लेखकाने लेखांक (खंडातला पत्राचा क्रमांक) चुकवला असेल किंवा पत्र मध्येच तोडलं असेल, तर ती चूक आता तुमची होते. परीक्षक खंड उघडून बघतात तेव्हा नेमकं हेच सापडतं. शक्य असेल तर खंड मिळवा, पत्र पूर्ण वाचा आणि लेखांकासह संदर्भ द्या. नाही मिळाला तर तळटिपेत आधी राजवाडे, खंड, लेखांक. मग ‘उद्धृत’ असं लिहून हातातल्या पुस्तकाचा लेखक, वर्ष, पृष्ठ. संदर्भसूचीत मात्र फक्त हातातलं पुस्तक. यात कमीपणा काहीच नाही.

आवृत्तीचंही तसंच. ‘गुलामगिरी’ १८७३ची, पण बहुतेक जण ती फुल्यांच्या समग्र वाङ्मयात वाचतात. वर्ष १८७३ आणि पान समग्र वाङ्मयातलं, असा संदर्भ कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. वापरलेल्या आवृत्तीचं वर्ष द्या, मूळ प्रकाशनवर्ष कंसात.

आता शब्द बदलण्याबद्दल. मूळ वाक्य ‘विहिरी आटल्याने स्त्रियांचे श्रम वाढले’ असं असेल आणि तुम्ही ‘विहिरी कोरड्या पडल्यामुळे बायकांचे कष्ट वाढले’ लिहिलंत, तर रचना आणि निष्कर्ष दोन्ही दुसऱ्याचेच. पुस्तक मिटून, मुद्दा स्वतःच्या मांडणीत लिहा आणि तरीही संदर्भ द्या, कारण निष्कर्ष त्यांनी काढलेला आहे. इंग्रजीतून मराठीत आणलेल्या मजकुरालाही हेच लागू.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८च्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यावं लागतं. म्हणून मुलं टक्केवारी खाली आणण्याच्या मागे लागतात. पण साम्य तपासणारं सॉफ्टवेअर शब्द जुळवतं; उचललेली कल्पना त्याला दिसत नाही, मार्गदर्शकांना दिसते. आणि संदर्भासह दिलेली अवतरणं त्या मोजणीतून वगळायची असतात, तेव्हा अवतरणचिन्हं द्यायला घाबरू नका.

पुष्कळदा चोरी अनवधानाने होते, आणि ती टिपणं काढतानाच. म्हणून टिपणात जसंच्या तसं घेतलेलं वाक्य त्याच क्षणी अवतरणचिन्हांत टाका आणि शेजारी पान लिहा. चार महिन्यांनी ते वाक्य तुमचं की पुस्तकाचं, हे ओळखता येत नाही.

‘तत्रैव’ (म्हणजे ‘लगेच वरच्या तळटिपेतल्याच ग्रंथात’) अगदी शेवटी घाला. मसुद्यात मध्ये एक नवी तळटीप आली की खालचं ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतं. तोवर प्रत्येक तळटिपेत लेखकाचं नाव, छोटं शीर्षक आणि पान राहू द्या. चॅटबॉटने सुचवलेला संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत शोधून, पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यादीत घेऊ नका. अस्तित्वातच नसलेले लेख ही साधनं खऱ्यासारखी नावं देऊन सांगतात.