दुपारी निजणारं लेकरू

मे महिन्यातली दुपार. कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता. मानेवाड्याहून सासूबाईंना घेऊन ती आली, सदतिसावा आठवडा. बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, दुपारी अर्धा-अर्धा तास बाळ हलतच नाही. मग मी पोट हलवून हलवून त्याला उठवते."

मूळ भीती आठवड्यापूर्वीची होती. एनएसटीला, म्हणजे पोटाला पट्टा लावून बाळाच्या हृदयाचे ठोके नोंदवायच्या तपासणीत, पहिली वीस मिनिटं ठोक्यांची रेघ फारशी वरखाली झालीच नाही. सिस्टरने पट्टा चाळीस मिनिटं ठेवला, बाळ जागं झालं, रिपोर्ट चांगला आला. हिच्या डोक्यात मात्र ती पहिली वीस मिनिटंच अडकून बसली.

मी सांगितलं, ती वीस मिनिटं बाळ गाढ झोपलं होतं. अशा झोपेत अधूनमधून दचकणं सोडलं तर ते हलत नाही, डोळे स्थिर असतात, ठोकेही एका लयीत पडतात. ही झोप बहुधा वीस ते चाळीस मिनिटांची, क्वचितच दीड तासावर जाते. दुसरी झोप चळवळी. तिच्यात डोळे फिरतात, हातपाय ताणले जातात, आणि शेवटच्या महिन्यात बाळाचा बराचसा वेळ हिच्यातच जातो. झोपेच्या दोन आणि जागेपणाच्या दोन अशा चार अवस्था नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1982 मध्ये सोनोग्राफी आणि ठोक्यांची नोंद जुळवून मांडल्या.

"म्हणजे मी झोपेतल्या लाथा मोजत होते?" ती पहिल्यांदा हसली.

सासूबाईंना जोर आला. "पाहा! नवव्यात लेकरू थंडावतेच. पोटात जागाच कुठं राहते?"

इथे मात्र मी आवाज चढवला. (सासूबाईंवर आवाज चढवणं आमच्या कामात बसत नाही, तरी.) सुनेच्या धास्तीपेक्षा हा दिलासा मला जास्त धोक्याचा वाटतो. जागा कमी झाली की लाथांऐवजी लोळणं, ढकलणं जाणवतं. हालचाल कमी व्हायला नको.

दिवसभर पोट ढोसणं बंद करायला सांगितलं. बाळ एरवी जागं असतं त्या वेळी, हिच्या बाबतीत रात्रीच्या जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडायचं, मोबाईल लांब. दोन तासांत दहा हालचाली हा ढोबळ हिशोब, उचक्या त्यात धरायच्या नाहीत. पण आकड्यापेक्षा आपल्या बाळाची रोजची सवय ओळखायची. ती बदलली, हालचाल मंदावली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. घरच्या डॉपलरवर, म्हणजे ठोके ऐकायच्या छोट्या यंत्रावर, ठोके ऐकू आले म्हणून थांबायचं नाही.

दहा दिवसांनी रात्री अकराला नवऱ्याचा फोन आला. दुपारपासून हालचाल कमी वाटत होती, ते निघालेच होते. तपासणीत सगळं ठीक निघालं. "उगाच त्रास दिला," असं ती म्हणाली, तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टर म्हणाल्या, "पुन्हा असं वाटलं तर पुन्हा या."

सकाळी फोनवर सासूबाईच होत्या. "गाडी काढायला मीच लावली, मॅडम. अन् पट्टा लावला तशा धडाधड लाथा! आम्ही रातभर जागलो, आता हे निजलं हाये."